पत्त्याचा रकाना

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझी एक जुनी वही सापडली. वर्गशिक्षक असताना मुलांची नावे आणि पत्ते मी तीत लिहून ठेवत असे. ती चाळताना इतिहासातली एक गोष्ट आठवली, आणि तिच्याबरोबर माझी एक चूकही.

आधी इतिहास. चार्ल्स बूथ हे लंडनमध्ये राहणारे एक जहाज कंपनीचे मालक. शहरात गरिबी नेमकी किती आणि कुठे, हे मोजायचे त्यांनी १८८६ मध्ये मनावर घेतले. काम १९०३ पर्यंत चालले आणि त्याचे १७ खंड झाले. त्यांनी रस्त्यारस्त्याला रंग देऊन नकाशा केला. श्रीमंतांचे रस्ते पिवळे, अगदी तळातले काळे, मध्ये निळा, जांभळा, गुलाबी आणि लाल. लंडनचे सुमारे ३० टक्के लोक गरिबीत राहतात, असा निष्कर्ष निघाला. लोक हादरले.

बूथना घरोघरची माहिती दिली कोणी? बरीचशी शाळा मंडळाच्या तपासनिसांनी. शाळेत जाण्याजोगी मुले शोधत ही माणसे गल्लीबोळ हिंडत असत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. १९९१ च्या जनगणनेच्या घरयादीसाठी मीही असाच हिंडलो होतो. भिंती कशाच्या, खोल्या किती, पाणी कुठून आणता... मोजायची वेळ आली की सरकारला मास्तर आठवतो, तो असा!

पण बूथच्या नकाशात एक खोट होती. काळ्या रस्त्यांच्या वर्णनात गरिबीबरोबर दुर्गुण आणि गुन्हेगारीही घातली होती. म्हणजे रंग रस्त्याला दिला आणि तो लागला माणसाला.

आमच्या पुण्यातही असे मोजमाप झाले आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये निघाला. पुढे १९५५ मध्ये सोवनी आणि कुसुम प्रधान यांनी पुण्यातल्या आजा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्यांचे धंदे ताडून पाहिले. मला हे जास्त मोलाचे वाटते. घरात आज काय आहे यापेक्षा त्या घरातला मुलगा कुठवर गेला, हा प्रश्न वेगळा आहे.

सरासरीही फसवते. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात एम-पूर्व विभाग सर्वांत खाली होता. त्याच विभागात देवनारचे डंपिंग ग्राउंड आहे, गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या आहेत आणि अणुशास्त्रज्ञांचे अणुशक्तीनगरही आहे. एकच आकडा दोघांनाही कसा लागू पडावा?

सोवनींचा प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक नकाशा काढला. १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली सुमारे दोन कोटी मुले कुठल्या वस्तीत वाढली आणि पस्तिशीत किती कमावू लागली, हे त्यांनी जुळवून पाहिले. सारख्याच उत्पन्नाच्या घरांतली मुले, पण वस्तीगणिक त्यांचे पुढचे आयुष्य निराळे. तिथल्याच एका जुन्या सरकारी प्रयोगात गरीब कुटुंबांना चांगल्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली होती. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची कमाई पुढे सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्या मुलांना तसा फायदा दिसला नाही.

तेरा वर्षे! म्हणजे साधारण सातवी.

आता माझी चूक. सातवीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांसाठी मुले निवडायचे काम माझ्याकडे असे. एका वर्षी नदीकाठच्या वस्तीतला एक मुलगा गणितात चांगला होता. मी त्याचे नाव घेतले नाही. घरी एकच खोली, अभ्यास घेणारे कोणी नाही, बिचाऱ्यावर ओझे कशाला, असा विचार केला. मला ती दया वाटली होती. खरे तर मी वहीतला पत्ता वाचून त्याला रंग देऊन टाकला होता. नववीत त्याने शाळा सोडली. पुढे काय झाले, ते कुठल्याच रकान्यात नाही.

वस्त्या मोजू नयेत असे मी म्हणत नाही. उलट, २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही याची मला चिंता वाटते. नळ कुठे नाही, शाळा कुठे नाही हे मोजल्याशिवाय कळणार कसे? पण आकडा वस्तीला काय द्यायचे ते सांगतो. तिथल्या मुलाची लायकी तो सांगत नाही. हा फरक मला वेळेवर कळला नाही.

परवापासून एक उद्योग सुरू केला आहे. वहीतल्या ४३ नावांपुढे आज कोण कुठे आहे ते लिहितो आहे. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करतो, ते आणखी कुणाचा पत्ता सांगतात. आतापर्यंत १७ नावे झाली. नदीकाठच्या मुलाचा पत्ता अजून लागलेला नाही. त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.