सुजलेले बोट आणि नखांवरील खळगे: बालकांच्या सोरायसिस-संधिवाताचा इतिहास

#थ्रेड

१/ सोरायसिस हा त्वचेचा विकार, संधिवात हा सांध्यांचा. या दोहोंचा संबंध फ्रेंच वैद्य अलिबेर यांनी १८१८ सालीच नोंदवला होता. तरीही अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्यास स्वतंत्र आजार मानण्यास १९६४ साल उजाडले. मुलांची पाळी त्याहूनही उशिरा आली.

२/ आरंभी सोरायसिसचीच ओळख धूसर होती. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ साली तो कुष्ठरोगापासून निश्चितपणे वेगळा काढला. तोपर्यंत या रुग्णांवर अनेकदा महारोगाचाच शिक्का बसे.

३/ औषधाचा मार्ग मात्र कर्करोगातून आला. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत अमिनोप्टेरिन घडवले. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांवरील त्याच्या उपयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५१ साली असे दिसले, की त्याच औषधाने संधिवात आणि सोरायसिसचे चट्टे, दोन्ही ओसरतात.

४/ त्याचेच भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९९२ साली अमेरिका व सोव्हिएत संघातील बालरुग्णांवरील चाचणीने, आठवड्यातून एकदा दिलेली त्याची अल्प मात्रा बालसंधिवातावर गुणकारी ठरते, हे सिद्ध केले. विशेषतः सोरायसिस-संधिवाताच्या मुलांसाठी सेक्युकिनुमॅब या जैविक औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट २०२१ साली.

५/ खरी अडचण ओळखण्याची. अनेक मुलांत सांधे आधी सुजतात. चट्टे वर्षांनंतर उमटतात. म्हणून २००१ साली एडमंटन येथे सुधारलेल्या निकषांनुसार, चट्टे नसले तरी संधिवातासोबत पुढीलपैकी दोन खुणा पुरतात: अख्खे बोट सुजणे, नखांवर खळगे पडणे किंवा नख सुटणे, आणि आईवडील वा सख्ख्या भावंडास सोरायसिस असणे.

६/ महाराष्ट्रात १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने सांधेदुखीची घरोघर पाहणी आरंभली. ग्रामीण भारताविषयीचा तो मोलाचा दस्तऐवज आहे. परंतु त्यातील गणना प्रौढांची होती.

७/ या इतिहासाचे मोल जावळी तालुक्यातील मेढ्यासारख्या गावी कळते. नखे निरखण्यास आणि "घरात कुणाला सोरायसिस आहे का?" हे विचारण्यास यंत्र लागत नाही. शंका आली की मुलास तज्ज्ञाकडे धाडावे. डोळेही तपासून घ्यावेत, कारण या आजारात डोळ्यांच्या आतील दाह लाली वा वेदनेविनाही दृष्टी हिरावू शकतो. "पडला असेल, बरे होईल" म्हणून दवडलेले महिने सांध्यास परत मिळत नाहीत.