दिनविशेष : ११ डिसेंबर – डॉक्टरच खुर्चीत

११ डिसेंबर १८४४. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात दंतवैद्य होरेस वेल्स स्वतःच रुग्णाच्या खुर्चीत बसले. गार्डनर कोल्टन यांनी त्यांना नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच ‘हसवणारा वायू’ हुंगायला दिला आणि जॉन रिग्ज यांनी त्यांची दाढ उपटली. शुद्धीवर आलेल्या वेल्स यांना कळ जाणवलीच नव्हती.

आज दाढ काढायला बहुधा हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन पुरते. ओठ जड होतो, गाल बधिर होतो, पण माणूस जागा असतो. तो वायूही अडगळीत गेलेला नाही. घाबरणाऱ्या मुलांना तो प्राणवायूत मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. तेव्हा भीतीपोटी लवंगेच्या तेलावर दिवस ढकलू नका. दुखरी दाढ वेळेत दाखवा.