लामी, व्हारिन्याँ आणि माझी केटी

फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये मला केटी लागली होती. कारण एकच, साइन कुठे आणि कॉस कुठे हा कायमचा घोळ. लामी आणि व्हारिन्याँ (आम्ही बिनधास्त 'व्हॅरिग्नन' म्हणायचो) ही दोन नावं तेव्हा व्हिलनसारखी वाटायची. गेल्या शनिवारी सहज शोधायला बसलो की ही माणसं होती तरी कोण, आणि वीकएंड संपला की राव!

खरी गोष्ट त्यांच्या शंभर वर्षं आधी सुरू होते. १५८६ साली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश इंजिनिअरचं पुस्तक लायडनला छापलं गेलं. तेही लॅटिनमध्ये नाही, चक्क आपल्या डच भाषेत. त्यात एक त्रिकोणी पाचर आहे, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. तिच्यावर १४ सारख्या गोळ्यांची माळ. लांब उतारावर ४ गोळ्या, आखूडवर २, उरलेल्या ८ खाली लोंबताहेत. घर्षण नाही असं धरा. माळ घसरेल का? घसरली तर एक घर सरकल्यावर चित्र पुन्हा तेच, म्हणजे ती फुकटात कायमची फिरत राहणार. हे अशक्य, म्हणून माळ स्थिर. खालच्या ८ गोळ्या दोन्हीकडे सारखंच ओढतात, त्या कापून टाका. उरलं काय? ४ विरुद्ध २, आणि तरी तोल! म्हणजे उतारावरून ओढणारं बल वजन गुणिले कोनाचा साइन इतकं, हे साइनचं नावही न घेता सिद्ध. मी हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

मग एकदम १६८७. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त बलांचा समांतरभुज चौकोन आला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पिएर व्हारिन्याँ आणि बर्नार लामी यांनीही तो मांडला. दोघंही पाद्री! पुढच्याच वर्षी लामीने हे व्हारिन्याँकडून उचललं अशी कुजबुज छापून आली, लामीने ती साफ नाकारली. मला लामीचं खरं वाटतं. दोन डेव्हलपर एकाच दिवशी तोच बग सोडवतात, तसंच हे.

पण चौकोन दोन बलांना ठीक, पाच आली की कागदावर जाळं होतं. ठरलेल्या काटकोनी अक्षांवर प्रत्येक बल फोडायचं, याचं श्रेय लाग्रांज मॅक्लॉरिनच्या १७४२ च्या ग्रंथाला देतो. उदाहरणार्थ, ३० न्यूटन आडवं आणि ४० न्यूटन त्याच्याशी ६० अंशात. आडवे घटक ३० + २० = ५०, उभा घटक ३४.६. पायथागोरस लावला की ६०.८ न्यूटन, सुमारे ३४.७ अंशात. बस्स, एवढंच होतं ते!

आणि तो छळणारा साइन? आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात ज्यांची कोष्टकं आहेत. 'जीवा' अरबीत 'जीब' झाली, पुढे ती 'जैब' वाचली गेली, म्हणजे कपड्याची घडी, आणि बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं 'सायनस'. हिंदीतली 'जेब' तीच. केटीचा फॉर्म भरताना माझी रिकामी झाली होती ती ;)