पडद्याआडची नाडी आणि मानेवरची गाठ

१६७५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या मोगल अधिकाऱ्याने त्याला बोलावले होते. जनान्यातल्या रुग्णाची नाडी पडद्याआडून पाहायची होती. त्याची पारख करण्यासाठी आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे केला गेला. ही निरोगी आहे, असे फ्रायरने सांगितले, तेव्हा कुठे खऱ्या रुग्णाचा हात त्याच्या हाती आला. स्पर्शातून रोग ओळखण्याची ही जुन्नरमधली एक नोंदलेली परीक्षा.

त्याच काळात फ्रायरचा राजा, दुसरा चार्ल्स, मानेवर गाठी आलेल्या हजारो प्रजाजनांना नुसता हात लावून बरे करू पाहत होता. या रोगाला राजस्पर्श हाच उपाय, अशी तिथे श्रद्धा होती. १७१२ साली, पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सनला अडीच वर्षांचा असताना राणी अ‍ॅनपुढे नेले. गाठी गेल्या नाहीत. पुढच्या शस्त्रक्रियेचे व्रण मात्र जन्मभर राहिले.

आपल्याकडे याच दुखण्याला गंडमाळा म्हणत. एकच गाठ असेल तर गलगंड आणि गाठींची माळ असेल तर गंडमाळा, असा भेद चरकसंहितेत आहे. माधवनिदानाने गाठींना बोर आणि आवळा यांचे माप लावले. आंबेगावच्या डोंगराळ वाडीतली आई आजही 'बोराएवढी गाठ' म्हणाली, तर ते तेच माप असते. आकार आणि संख्या यांची ही नोंद बारकाईची होती. कारण मात्र डोळ्यांना दिसत नव्हते.

ते हळूहळू उलगडले. १८३२ साली थॉमस हॉजकिन यांनी ग्रंथी वाढण्याचा एक वेगळाच रोग वर्णिला. तो पुढे कर्करोगाचा प्रकार ठरला. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. एका नावाखाली अनेक रोग नांदत होते, हे तेव्हा स्पष्ट झाले.

मुलांच्या मानेवरच्या बहुतेक गाठी घसा, दात किंवा डोक्यातल्या फोडांच्या संसर्गाने येतात आणि ओसरतात. तान्ह्या बाळाची मान एका बाजूला कलत असेल आणि तिथे कडक गाठ लागत असेल, तर बहुधा मानेचा स्नायू आखडलेला असतो. मधोमध असलेली, जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ जन्मजात असते. पण चार-सहा आठवडे टिकणारी, वाढणारी, गळपट्टीच्या हाडावरची किंवा ताप आणि वजनघट यांसोबतची गाठ सुई घालून तपासावीच लागते.

क्षयाची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच भातलावणी उरकेपर्यंत, हिरडा गोळा होईपर्यंत घोडेगावची किंवा मंचरची खेप पुढे ढकलली जाते आणि गाठ फुटून वाहू लागते. एरवी औषधांच्या सहा महिन्यांत ती बहुतेकदा बरी होते. जॉन्सनच्या आईला दरबार गाठावा लागला. आज तालुक्याचे रुग्णालय पुरते. तिथे आईने फक्त एवढे सांगायचे: गाठ कधीपासून आहे, आणि वाढते आहे का.