रखवालदाराचा हक्क आणि परवाना

पेढीच्या दाराशी, रुग्णालयाच्या फाटकापाशी किंवा मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली गणवेश घालून बसलेला रखवालदार आपण रोज पाहतो. त्याच्या छातीवरील बिल्ला आपण क्वचितच वाचतो, आणि त्याचे नाव तर बहुधा ठाऊकच नसते. ही नोकरी शहरांबरोबर जन्मास आली असा आपला समज असतो. परंतु रखवालीचा धंदा आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचे नियमही जुने आहेत. ते नियम कोणते होते, कसे मोडले, आणि त्यांच्या जागी आज कोणते आले, याचा आज थोडक्यात विचार करावयाचा आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर जिंकलेल्या मुलुखाची व्यवस्था एल्फिन्स्टनकडे आली. त्याने १८१९ साली सादर केलेल्या अहवालात गावच्या रखवालदाराचे काम तपशिलाने नमूद केले आहे. हे काम पुणे-सातारा भागात बहुधा रामोश्यांकडे, खानदेशात भिल्लांकडे, तर दक्षिणेस बेळगावच्या बाजूला बेरडांकडे असे. कानडी मुलुखात या रखवालदारास तळवार म्हणत. रात्री गस्त घालावी, गावात आला-गेला ध्यानात ठेवावा, परक्या माणसाची वर्दी पाटलास द्यावी, आणि गावातील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असावे, ही त्याची नित्याची कामे. त्याबद्दल त्याला बलुते मिळे, काही ठिकाणी इनाम जमीनही असे.

चोरी झाली म्हणजे त्याची खरी कसोटी लागे. चोराचा माग काढीत तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जाई. माग पुढे गेला आहे अशी तेथील रखवालदाराची खात्री पटविली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोहोचे, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार ठरे. रखवालदाराने ऐपतीप्रमाणे भरून द्यावे आणि उरलेले साऱ्या गावाने, असा दंडक होता. यात अन्याय आहे हे एल्फिन्स्टनने मान्य केले आहे. पूर्ण भरपाई काही प्रसंगीच वसूल होई, असेही तो सांगतो. मात्र हयगय किंवा चोराशी संगनमत सिद्ध झाल्यास रखवालदाराचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत. या एका तरतुदीकडे मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो. चुकलेल्या माणसास शिक्षा होई. घराण्याचा हक्क मात्र घराण्यातच राही.

हा तोल पुढे बिघडला. पुरंदरच्या परिसरातील रामोशी त्या किल्ल्याची रखवाली करीत. उत्तर पेशवाईत ती त्यांच्याकडून गेली, आणि कंपनी सरकारच्या अमदानीत त्यांचे उरलेसुरले हक्कही आटत गेले. याच प्रदेशातील भिवडी गावी १७९१ साली जन्मलेल्या उमाजी नाइकांनी जे बंड उभारले, त्याला अनेक कारणे होती; परंतु हिरावलेल्या हक्कांची जखम त्यांत मुख्य होती. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. लगेच पुढच्या वर्षी, १८३३ साली, त्यांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने रामोशी समाजावर व उमाजींच्या चरित्रावर पुस्तक प्रसिद्ध केले.

यानंतरचा प्रकार मोठा विलक्षण आहे. पुण्याच्या छावणीतील इंग्रज आपल्या बंगल्यांच्या राखणीसाठी रात्री रामोशीच ठेवीत. रामोशी दाराशी असला म्हणजे त्याचे भाऊबंद त्या घराकडे फिरकत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. विश्वासाचा धंदा असा धाकाचा धंदा झाला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात रामोशी आणि बेरड यांची गणना आज विमुक्त जातींत होते, ती या इतिहासामुळेच. ज्यांच्या भरवशावर गाव निजे, त्यांच्याच कपाळी चोर हा शिक्का बसला.

शहरांत गिरण्या, वखारी आणि पेढ्या उभ्या राहिल्या, तेव्हा रखवालदार पगारी झाला. त्याला बलुते नव्हते, आणि पाठीशी गावही नव्हते. पुढे मालक व रखवालदार यांच्यामध्ये माणसे पुरविणारी एजन्सी आली. राखण एकाच्या दाराची, पगार दुसऱ्याच्या हातून, आणि तक्रार केली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखविणार, अशी स्थिती झाली. तिच्यावर उपाय म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांविषयी कायदा केला. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली झालेल्या कायद्याचा मार्ग त्यापुढे होता. मालक, रक्षक आणि सरकार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ. मंडळाकडे रक्षकाची नोंदणी. मालकाने वेतन व त्यावरील वर्गणी मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ते वेतन रक्षकास द्यावे, अशी ती योजना आहे. भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि रजा यांची तजवीज वर्गणीतून होते. ज्या एजन्सीच्या रक्षकांना एकंदरीत याहून कमी लाभ मिळत नाहीत, त्यांना सूट देण्याचा अधिकार मात्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे.

हा कायदा रक्षकाच्या पोटाचा विचार करतो. लोकांच्या सुरक्षिततेचा विचार संसदेच्या २००५ च्या कायद्याने केला. तो १४ मार्च २००६ पासून अमलात आला. परवान्यावाचून खाजगी सुरक्षा एजन्सी चालविता येत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. परवाना पाच वर्षांचा असतो. कायदा केंद्राचा, पण नियम प्रत्येक राज्याचे. म्हणून बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा पणजी येथील चालकाने आपापल्या राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. रक्षक १८ ते ६५ वर्षे वयाचा असावा, त्याच्या पूर्वचारित्र्याची खात्री करून घ्यावी, आणि त्याला शिक्षण मिळालेले असावे, अशा अटी आहेत. २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले होते. आग विझविणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणे आणि पोलिसांत फिर्याद कशी द्यावी, हे विषय त्यात होते. रक्षकाजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे, आणि त्याचा गणवेश सैन्याच्या वा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसता कामा नये.

याचा अर्थ असा की, काठी हातात आली म्हणजे पोलिसाचा अधिकार हाती येत नाही. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास धरण्याचा जो अधिकार कोणाही नागरिकास आहे, तोच रखवालदारासही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा माणसास विनाविलंब, आणि अधिकात अधिक सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. मारहाण करणे किंवा कोंडून ठेवून जबाब घेणे हे त्याचे काम नव्हे.

आता जुन्या आणि नव्या व्यवस्थेची तुलना करून पाहा. जुन्या रखवालदारावर न पेलणारी जबाबदारी होती. चोरी दुसऱ्याने करावी आणि भरपाई याने. नव्या कायद्यांनी ते ओझे उतरविले, हे योग्यच झाले. परंतु जुन्यास गावाच्या सुगीत वाटा होता आणि गाव त्याला नावाने ओळखे. नव्या व्यवस्थेत परवाना एजन्सीचा असतो, रक्षकाचा नव्हे. एजन्सी बदलली की त्याचे ओळखपत्र बदलते, आणि वेतनाची शाश्वती मंडळाच्या छायेत आहे तेवढीच. ते मंडळही महाराष्ट्रापुरते. शीव ओलांडली की, चोराच्या मागाप्रमाणे, जबाबदारी दुसऱ्याकडे गेलेली असते.

हक्क काढून घेऊन कर्तव्य तेवढे शिल्लक ठेवले म्हणजे काय होते, हे पुरंदरच्या डोंगरांनी एकदा पाहिले आहे. म्हणून आपल्या संस्थेसाठी किंवा वसाहतीसाठी रखवालदार ठेवताना एजन्सीचा परवाना अवश्य पाहावा. परंतु त्याच बैठकीत त्याचे वेतन किती, ते कोणत्या तारखेस त्याच्या हाती पडते, आणि आठवड्याची सुटी त्याला मिळते की नाही, हेही विचारावे. आणि रात्री फाटक उघडणाऱ्या त्या माणसाचे नाव काय, हे ठाऊक करून घ्यावे. जुन्या गावात ते पोरासोरांनाही ठाऊक असे.