तंजावरचा श्रुतिवाद

१९१६ च्या मार्च महिन्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा तंजावरहून एक वैद्य आपल्या घरातील स्त्रियांना वीणेसह बरोबर घेऊन तेथे आला होता. सोबत गणिताची कोष्टके होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सप्तकात बावीस श्रुती आहेत ही गोष्ट शार्ङ्गदेवाने सांगितली असली तरी ती खरी नव्हे. श्रुती चोवीस आहेत, आणि तो त्या गाऊन व वाजवून दाखविण्यास सिद्ध आहे. या वैद्याचे नाव अब्राहम पंडितर.

ज्या गावाहून तो आला त्या गावाला असले वाद नवे नव्हते. तंजावरात नायकांचे राज्य असताना, सतराव्या शतकाच्या मध्यास, गोविंद दीक्षित या विद्वान मंत्र्याचा पुत्र वेंकटमखी याने ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा ग्रंथ रचला. त्यात त्याने शुद्ध व विकृत स्वरांच्या मिश्रणातून बहात्तर मेळ सिद्ध केले, आणि त्यात भर घालणे वा त्यातून एक वजा करणे प्रत्यक्ष शंकरालाही साधणार नाही, अशा आशयाची ग्वाही दिली. ग्वाही मोठी; तथापि त्या बहात्तरांपैकी त्याच्या काळी प्रचारात होते अवघे एकोणीस, हेही त्यानेच प्रामाणिकपणे नमूद केले आहे. याच ग्रंथात विजयनगरच्या रामामात्याची त्याने जी कानउघाडणी केली आहे ती वाचताना आजही मौज वाटते. रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’ १५५० चा, म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा. पण वेंकटमखी त्याच्यावर अशा आवेशाने तुटून पडतो, की जणू तो गृहस्थ समोरच्या ओटीवर बसला आहे!

पुढे १६७६ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावर घेतले आणि मराठ्यांचे राज्य तेथे स्थिरावले. भोसले कुळातील हे राजे केवळ आश्रयदाते नव्हते. शहाजीराजांनी तेलुगू व मराठी नाटके रचली आणि रागांची लक्षणे टिपून ठेवविली. त्यांचे धाकटे बंधू तुकोजी ऊर्फ तुळजराजे यांनी १७२८ ते १७३६ या आपल्या कारकिर्दीत ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. तुळजराजांनी वेंकटमखीच्या बहात्तरांना मान दिला, पण वर्णन केले ते प्रचारातील एकवीस मेळांचे. आणि प्रत्येक रागाला जुनी गीते व ठाय यांतील स्वरवाक्यांचा दाखला जोडला. शास्त्रकाराच्या मांडणीला गायकांच्या रिवाजाची साक्ष मागावी, ही दृष्टी त्या मराठी राजाजवळ होती. सिंहासनावर बसणाऱ्याला ती सहसा लाभत नाही.

अब्राहम पंडितरांचा जन्म १८५९ चा, तिरुनेलवेली भागातला. ते तमिळ ख्रिस्ती. दिंडिगल येथे काही काळ शिक्षकी केल्यावर ते तंजावरास स्थायिक झाले आणि सिद्धवैद्यकात त्यांनी नाव व पैसा दोन्ही मिळविले. औषधांतून आलेला पैसा त्यांनी संगीताच्या पायी ओतला. १९१२ मध्ये त्यांनी तंजावरात ‘संगीत विद्या महाजन संघम’ स्थापन केला आणि पुढील काही वर्षांत स्वतःच्या खर्चाने एकामागून एक परिषदा भरविल्या. विद्वान, वैणिक, भागवत यांना आमंत्रणे गेली. तेथे निबंध वाचले जात, त्यांवर आक्षेप घेतले जात, आक्षेपांना पुढच्या बैठकीत उत्तरे मिळत. एकाच प्रश्नाने सर्वांना घेरले होते : श्रुती किती व कोणत्या?

हा प्रश्न वरवर पाहता केवळ पंडिती वाटतो, पण तसा तो नाही. षड्जापासून निघून पंचमाचा पंचम असे बारा वेळा चढत गेले, तर सातव्या सप्तकाच्या टोकाला पुन्हा षड्ज यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कान किंचित पुढे गेलेला असतो. हा उरलेला किंचितसा अंश कोठे जिरवायचा, यावर जगातील बहुतेक संगीतांची डोकी शिणलेली आहेत. पंडितरांनी तो सप्तकभर समप्रमाणात वाटून टाकला आणि सप्तकाचे चोवीस सारखे भाग केले. त्यांच्या मते हेच प्राचीन तमिळांचे मान होते. आधार म्हणून ते ‘शिलप्पदिकारम्’ व त्यावरील टीका पुढे करीत. ज्या तंजावरात दरबार मराठी, शास्त्र संस्कृत आणि कीर्तने बहुतांशी तेलुगू, तेथे तमिळ ही गाण्याच्या शास्त्राचीही भाषा होती, असे म्हणणारा हा माणूस होता. चोवीस या आकड्यामागे एका भाषेचा अभिमान उभा होता, हे विसरून त्या कोष्टकांकडे पाहता येत नाही.

इकडे महाराष्ट्रातही हीच धुमाळी चालू होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेवर मोजमापे घेऊन आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने त्यांचा पक्ष उचलला. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांना ही मोजणीच पटेना. रत्नाकरातील स्वर आज नेमके कोणते हेच जर उलगडलेले नाही, तर त्यांच्या श्रुती मोजून काय साधणार, असा त्यांचा रोख होता. १९०४ मध्ये भातखंड्यांनी दक्षिणेचा दौरा केला आणि भेटेल त्या पंडिताला रत्नाकराविषयी प्रश्न विचारून बेजार केले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांकडून त्यांना ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ मिळाली. वेंकटमखीच्या बहात्तर मेळांवर दृष्टी ठेवूनच त्यांनी पुढे हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट पुरेसे मानले. आज पुण्या-नागपुरातील विद्यार्थी थाटांची नावे घोकतो, त्यांचे एक मूळ असे तंजावरात आहे.

या सर्व मंडळींकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वैद्य, डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश, वकील. पोट गाण्यावर भरणारा यांत एकही नाही. हे सारे हौशी रसिक, आणि म्हणूनच कदाचित एवढे हट्टी. एकमेकांची पुस्तके ते बारकाईने वाचीत ती मुख्यतः खोडून काढण्यासाठी. भातखंड्यांनी तर ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने मराठीत लिहून समकालीनांच्या मतांची झाडाझडती घेतली. ज्यांच्या गळ्यावर व बोटांवर हा सारा खटला चालला होता, ते खाँसाहेब आणि वैणिक मात्र बहुधा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. निकाल लिहिण्यास त्यांना कोणी बोलाविले नाही. पंडितरांनी निदान वीणा पुढे ठेवली, आणि तीही स्त्रियांच्या हाती. त्या काळच्या सभेत ही गोष्ट साधी नव्हती.

तंजावरकडे बडोद्याची ही स्वारी विजयाची म्हणून सांगितली जाते. परंतु शास्त्रग्रंथांत बावीसच श्रुती राहिल्या. पंडितरांनी तेथून परतल्यावर १९१७ मध्ये ‘करुणामृतसागरम्’ हा आपला हजाराहून अधिक पृष्ठांचा तमिळ ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रत्नाकरमताचे खंडन विस्ताराने आहे. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. तमिळ गीतांना मैफलीत मानाचे स्थान मिळावे यासाठी १९४० नंतर जी चळवळ उभी राहिली, तिच्या पुरस्कर्त्यांनी त्यांचे नाव आदराने घेतले. त्यांच्या गणितापेक्षा त्यांची भाषानिष्ठा अधिक टिकली.

तंजावरी वीणेला चोवीस पडदे असतात, दोन सप्तकांना बारा-बारा. ही रचना निश्चित करण्याचे श्रेय परंपरा रघुनाथ नायकाला देते. पंडितरांच्या चोवीस श्रुतींशी या आकड्याचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. फणसाच्या लाकडाची वीणा कोरून झाली की कारागीर दांडीवर काळ्या मेणाचे दोन कठडे चढवितो आणि त्यांवर एकेक पडदा बसवितो. तार छेडतो, ऐकतो, पडदा केसभर सरकवितो, पुन्हा छेडतो. मेण ऊन असेपर्यंतच हे करता येते. पुढे उन्हाळ्यात मेण सैल होते, स्वर ढळतात, आणि काही काळाने तीच वीणा पुन्हा मेळ बसवून घेण्यासाठी त्याच्याकडे येते.