हेड पॅकिंगची निवड आणि बोल्टचा ताण

मुंबई-गोवा महामार्गावर गणेशोत्सवाच्या तोंडावर पेणपासून वाहनांच्या रांगा लागतात. वडखळपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकलेले, तापलेले इंजिन नागोठणे ओलांडताच सुकेळी खिंडीच्या चढाला जुंपले जाते. रोह्याकडे वळण्यासाठी कोलाड गाठण्याआधीच एखाद्या मोटारीतून पांढरी वाफ निघू लागते. पुढचे निदान ठरलेले असते : ‘हेड पॅकिंग गेले.’

हेड पॅकिंग म्हणजेच हेड गॅस्केट. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधील हा पातळ थर ज्वलनाचा दाब, तेल आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. त्याच्यावरील भाराची कल्पना साध्या हिशेबाने येते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. टर्बो डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब १६० बारपर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हेडला सुमारे ८ टन बळाने वर ढकलतो. ताकद वाढविण्याच्या हौसेपायी हा दाब १५ टक्क्यांनी वाढला, तर त्यात सव्वा टनाच्या आसपास भर पडते. बोल्ट मात्र तेच राहतात.

अशा इंजिनाला पोलादी पत्र्यांच्या थरांचे गॅस्केट योग्य ठरते. त्यातील उठावदार कडा स्प्रिंगप्रमाणे काम करून हेडच्या सूक्ष्म हालचालींना साथ देतात. मात्र त्याला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. ग्रॅफाइटचे गॅस्केट थोडा खडबडीतपणा पोटात घेते, पोलादी घेत नाही. हाताने पॉलिश पेपर घासून साफ केलेल्या हेडवर महागडे पोलादी गॅस्केट बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. हेड यंत्रावर सपाट करून घ्यावे आणि सरळपट्टी व फीलर गेजने तपासावे. अनेक इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरहून अधिक वाक चालत नाही. शर्यतीच्या इंजिनांत तांब्याचे गॅस्केटही वापरतात, पण त्यात पाणी रोखणे जिकिरीचे असल्याने रोजच्या गाडीला ते नको.

जाडीचा प्रश्न डिझेलमध्ये विशेष नाजूक आहे. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या किंचित वर येतो. तो किती वर येतो हे डायल गेजने मोजून, गॅस्केटच्या कडेवरील खाचा किंवा छिद्रे पाहून जाडी निवडतात. जुन्यासारखेच दिसते म्हणून नवे घेणे धोक्याचे. ते पातळ निघाले तर पिस्टन हेडला ठोकण्याची भीती, जाड निघाले तर कॉम्प्रेशन घटून थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते.

खरी फसगत बोल्ट आवळताना होते. टॉर्क रेंचवरचा आकडा बोल्टचा ताण दाखवीत नाही, तो केवळ फिरविण्याचा जोर दाखवतो. त्यातील जवळजवळ ९० टक्के जोर घर्षणात खर्च होतो आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यास उरतो. खाडीकाठच्या दमट हवेत आटे गंजले, तर आकडा पूर्ण भरूनही बोल्ट सैल राहतो. उलट, बंद भोकात तेल किंवा पाणी साचले असेल तर ते दाबले जाऊन ब्लॉकच तडकू शकतो. म्हणून आटे स्वच्छ व कोरडे करून, बोल्टला उत्पादकाने सांगितले असेल तेवढेच तेल लावतात. मधून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने आवळणे हा सर्वमान्य क्रम आहे. आधुनिक इंजिनांत आधी ठरावीक टॉर्क आणि मग ९० अंशांसारखा कोन देतात, कारण कोनाने येणाऱ्या ताणावर घर्षणाचा परिणाम फार कमी होतो. कायमचे ताणले जाणारे असे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. जुने बोल्ट ‘अजून चांगले आहेत’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला गाडीमालकाने ठाम नकार द्यावा.

रेडिएटर, पंखा किंवा थर्मोस्टॅटमधील मूळ दोष तसाच राहिला, तर नवे गॅस्केटही त्याच खिंडीत जळेल. आणखी एक गोष्ट चालकांना सहसा ठाऊक नसते. पाणी पार संपले की तापमापकाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. गाडी निवली असे समजून तशीच रोह्यापर्यंत रेटली, तर गॅस्केटबरोबर हेडही वाकते.